बोलणं आणि करणं : पंडिता रमाबाईंची गोष्ट आणि आपली बैठक

लावणी आटोपली का? नाचणीची रोपं लागली का? पाऊस जरा उघडलाय, म्हणून आज चार निवांत गोष्टी बोलू. बोलणं आहे इतिहासाचं, पण सुरुवात आपल्याच एका बैठकीपासून करायची आहे.

आम्ही महाड आणि पोलादपूर तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. महिन्यातले बरेचसे दिवस आम्ही वाड्यावाड्यांवर असतो. मागच्या वर्षी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत बैठकीला गेलो, तर सगळ्याजणी गप्प. बचत गोळा झाली, वही भरली, तरी कुणी उठेना. शेवटी एक वयस्कर काकू म्हणाल्या, "ताई, एक विषय राहिलाय. आमच्यातली एक बाई प्रार्थनेला जायला लागलीय. येशूच्या. तिला गटात ठेवायची की काढायची?"

ती बाई तिथेच बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिनं गटातून शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं आणि एकही हप्ता चुकवला नव्हता. दोघीतिघी म्हणाल्या, "आज ती गेली, उद्या आपल्या पोरींना नेईल." एक म्हणाली, "तिला पैसे मिळत असतील." दुसरी म्हणाली, "पैसे मिळत असते तर तिनं गटाचं कर्ज कशाला घेतलं असतं?" मग काकूंनीच सगळ्यांना गप्प केलं. म्हणाल्या, "पुराच्या साली आपल्याला घास कुणी दिला, ते आठवा आधी."

२२ जुलै २०२१ कुणाला विसरता येणार आहे? महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून माणसं गेली. मग मदत आली ती सगळीकडून. कोण कुठल्या देवाचा, कुठल्या पक्षाचा, आपण विचारलं नाही. कुणी घरातला चिखल उपसला, कुणी भांडी दिली, कुणी नुसतं शेजारी बसून राहिलं. पण एक गोष्ट आम्हांला अजून टोचते. एका ठिकाणी मदत घेऊन आलेल्यांनी बायांना आधी फलकापुढे उभं केलं, घोषणा म्हणायला लावल्या, फोटो काढले, आणि मगच पिशवी हातात दिली. ते कुठल्या धर्माचे, कुठल्या संस्थेचे, हे सांगायची गरज नाही. ती पिशवी घेताना बायांच्या माना खाली होत्या, तेवढं आम्ही पाहिलं.

म्हणजे प्रश्न त्या एका बाईपुरता नव्हता. एखाद्या माणसाला आपला देव दुसऱ्याला सांगावासा वाटतो. तो तोंडानं सांगतो, कामानंही सांगतो. यात कुठवर चांगुलपणा, आणि कुठून पुढे आमिष? त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही एवढंच म्हणालो, "पुढच्या बैठकीपर्यंत थांबा, घाई करू नका." आमच्यातल्या काहीजणींचा बी.ए.ला इतिहास होता. घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट आपल्या सावित्री नदीची. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वाहत बाणकोटला समुद्राला मिळते. जुन्या काळी रस्ता नव्हता तेव्हा महाडचा व्यापार याच पाण्यावरून चाले. त्या बाणकोटला १८२३ साली स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी काम सुरू केलं. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची ठिकाणं. येशूची गोष्ट सांगायला ते आले होते, हे त्यांनी लपवलं नाही. पण नुसतं सांगून भागेना, म्हणून त्यांनी गावोगाव शाळा काढल्या. १८२९ साली जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे जोडपं मुंबईत उतरलं आणि मराठी शिकायला याच किनाऱ्यावर येऊन राहिलं. मार्गारेटबाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८३५ साली त्या वारल्या. विल्सन साहेबांच्या शाळेचं पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज झालं.

लोकांनी काय केलं? शाळा घेतली, धर्म फार थोड्यांनी घेतला. पाटी-पेन्सिल घेऊन मुलं घरी आली आणि संध्याकाळी आपल्याच देवाला दिवा लावला. मिशनऱ्यांना वाईट वाटलं असेल, पण शाळा त्यांनी चालू ठेवल्या. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाई मुलींची शाळा चालवत होत्या. ती शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव आणि सावित्रीबाई ख्रिस्ती झाले नाहीत. पण एका बाईनं श्रद्धेपोटी केलेलं काम त्यांच्या उपयोगी पडलं. चांगलं काम असंच पुढे जातं, आपण शिक्का मारतो तिथेच थांबत नाही.

आता दुसरी गोष्ट, आजची मुख्य. पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्रास दिला, तर हे कुटुंब रानात जाऊन राहिलं. पुढे तीर्थातीर्थांना फिरत, देवळात पुराण सांगत त्यांचं पोट चाले. आईनंच रमाबाईंना शिकवलं. मग दुष्काळ आला. १८७४ साली थोड्याच दिवसांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली. पुढे थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी, पायी, देशभर हिंडले. ही भूक लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. विशीतली मुलगी! १८८० साली भाऊ वारला. त्याच साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जात सोडून लग्न केलं. १८८१ ला मनोरमा झाली, आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीनं नवरा गेला. चोविसाव्या वर्षी कडेवर तान्ही पोर घेऊन ही बाई पुण्याला आली. रडत बसली नाही. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे उभं राहून सांगितलं की आम्हांला शिकवायला बाया हव्यात, आमच्या दुखण्याला बायाच डॉक्टर हव्यात.

डॉक्टरकी शिकायला म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टर होता आलं नाही. वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. त्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहमला आपलं एक काम दाखवायला नेलं. ज्या बायांना समाज वाईट चालीच्या म्हणून टाकतो, त्या बायांसाठी ते घर होतं. जोगिणी त्यांच्यात राहत, त्यांना जेवू घालत, धंदा शिकवत, आणि त्यांच्याशी माणसासारखं बोलत. रमाबाईंनी शास्त्रं पाठ केली होती. अशा बाईला काय शिक्षा सांगितली आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. इथे पाहिलं ते उलटं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका जोगिणीनं त्यांना बायबलातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी १९०७ साली आपली कहाणी लिहिली, त्यात हा प्रसंग सांगितला आहे.

ती गोष्ट महाडच्या बायांनी जरूर ऐकावी, कारण ती पाण्याची आहे. येशू यहुदी. यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या हातचं पाणी पीत नसत. ऐन दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच विहिरीवर आली. बाई गावानं नावं ठेवलेली, पाच नवरे झालेली. विहिरीवर येशू दमून बसला होता. त्यानं तिच्याकडे पाणी मागितलं. ती चकित झाली, म्हणाली, तुम्ही माझ्याकडे पाणी मागता? मग तो तिच्याशी बराच वेळ बोलला. तिचं आयुष्य त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं तिला हाकललं नाही. ती घागर तिथेच टाकून गावात गेली आणि सगळ्यांना सांगत सुटली.

आपल्याकडे पाण्याचा मोल वेगळा सांगायला नको. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. पण २० मार्च १९२७ ला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळ भरून प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता, पुढे ते बुद्धाकडे गेले. पण ठराव आणि ओंजळ यांतलं अंतर महाडला कुणी शिकवायला नको. रमाबाईंना फुलहमला जे दिसलं ते हेच. आधी ओंजळ दिसली, मग त्यांनी शब्द ऐकले.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब झाला. पण रमाबाई कुणाच्या मुठीत जाणाऱ्या नव्हत्या. मांसाहार केला नाही, आपला देशी पेहराव सोडला नाही, आणि मठातल्या जोगिणींशीही वाद घातले. कुठलीही गोष्ट मला पटल्याशिवाय मी मानणार नाही, असं त्यांचं होतं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत होत्या. बाईनं पुरुषांना शिकवू नये असं तिथल्या बिशपांचं म्हणणं पडलं, तर त्यांनाही त्यांनी सुनावलं. धर्म घेतला, पण डोकं गहाण ठेवलं नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. कारण ठाऊक आहे? त्यांच्या नात्यातली आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टर झाली होती, तिच्या पदवीदानाला. तिथे त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली, आपल्याकडच्या विधवांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि पैसा उभा केला. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. विधवा मुलींना राहणं, जेवण, शिक्षण. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी.

शारदा सदनाचा नियम असा होता की इथे धर्म शिकवायचा नाही. प्रत्येकीनं आपापला धर्म पाळावा. ब्राह्मण मुलींच्या सोवळ्याचीही सोय ठेवली होती. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती. तीनचार वर्षं बरी गेली. मग बोभाटा झाला. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसत. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मुली लहान आहेत, तुमच्या उपकाराखाली आहेत, तुम्ही आई झालात तर मुली आईचंच करणार, मग धर्म नाही शिकवणार या शब्दाचं काय? 'केसरी'नं कडक टीका केली. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आमच्यात यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं, बाईनं स्वतःच्या खोलीतही देव आठवायचा नाही का? कुणी म्हणालं, पण तिच्या हातात त्या मुलींचं ताट होतं, म्हणून तिनं जास्त जपायला हवं होतं. आम्हांला दोन्ही म्हणण्यांत तथ्य वाटतं. ज्याच्या हातात ताट असतं त्याचा शब्द जड होतो. त्यानं साधी गोष्ट सांगितली तरी समोरच्याला ती अट वाटू शकते.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही बघा. गोदूबाई शारदा सदनात शिकली. १८९३ सालीच तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. हे कर्वे आपल्या शेजारचे, दापोलीकडच्या मुरूडचे. गोदूबाईची आनंदीबाई कर्वे झाली. तिनं आपली हकीकत 'माझे पुराण' या नावानं लिहिली. ती ख्रिस्ती झाली नाही. तरी रमाबाईंनीच तिला उभं केलं होतं. कर्व्यांनी पुढे हिंगण्याला विधवांसाठी जो आश्रम उभा केला, त्यामागे शारदा सदनाचा हा धागा आहे. म्हणजे एका ख्रिस्ती बाईच्या कामातून हिंदू विधवांचं दुसरं घर उभं राहिलं.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. रस्त्यात हाडांचे सापळे झालेल्या पोरी आणि बाया, आणि त्यांना फसवून नेणारे दलालही. वीस वर्षांपूर्वीची आपली भूक त्यांना आठवली. त्यांनी सुमारे तीनशे मुली-बाया आणल्या. पैसा कुठून येणार हा हिशेब नंतर केला. त्यातच पुण्यात प्लेग. शहरात इतकी माणसं ठेवायची परवानगी मिळेना. मग दौंडच्या रेल्वेवरच्या केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती, तिथे तंबू ठोकले. १८९८ साली तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली माणसं जवळजवळ दोन हजार झाली.

दोन हजार, मैत्रिणींनो! आपल्याला दहाजणींच्या गटाची वही लिहिताना घाम फुटतो. दोन हजार तोंडांना दोन वेळा घालायचं तर दळण किती, सरपण किती, पाणी किती? म्हणून तिथे विहिरी खोदल्या. शेती, गाईगुरं, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, छापखाना, सगळं तिथेच, आणि करणाऱ्या बायाच. फसवल्या गेलेल्या बायांसाठी 'कृपा सदन' वेगळं. आंधळ्या मुलींसाठी वेगळं घर, तिथे मनोरमेनं त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. इथे जातीचं सोवळं नव्हतं. ब्राह्मण विधवा आणि दुष्काळातली अनाथ पोर एकाच पंगतीला.

आणि हे ख्रिस्ती घर आहे, हे या वेळी रमाबाईंनी उघड सांगितलं. आधीसारखा 'धर्म शिकवणार नाही' असा नियम ठेवला नाही. इथे प्रार्थना होई, बायबल शिकवलं जाई, बऱ्याचजणी ख्रिस्ती झाल्या. यावरही प्रश्न विचारता येतो. उपाशी पोरीला निवड करायची ताकद कुठून? हा प्रश्न खरा आहे, आणि जो कुणी अनाथाला सांभाळतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो, त्यानं तो स्वतःला विचारायला हवा. पण त्याबरोबर दुसराही प्रश्न विचारायला हवा. त्या पोरी रस्त्यावर होत्या तेव्हा बाकीचे कुठे होते?

रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून साहेबाच्या झाल्या, असंही नव्हे. १८९७ च्या प्लेगात सरकारी छावण्यांत बायांचे जे हाल झाले, त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं आणि मुंबईच्या गव्हर्नराचा राग ओढवून घेतला.

आता शब्दांकडे येऊ. इतकं काम करणारी बाई शेवटची पंधराहून जास्त वर्षं काय करत होती? बायबलचं मराठी भाषांतर. बायबल मराठीत आधी होतं, पण ते जड होतं. साध्या बाईला, नुकत्याच वाचायला शिकलेल्या पोरीला ते कळावं, अशी त्यांची इच्छा. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या बायाच. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, चाळिशीची. आईनं तरी काम सोडलं नाही. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनी डोळे मिटले.

आम्हांला यात एक गोष्ट फार आवडली. जिला आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगायची आहे, तिनं ती समोरच्या बाईच्या भाषेत सांगितली. जड शब्दांनी दबवलं नाही. वाचायला शिकवलं, म्हणजे ती बाई स्वतः वाचून ठरवील. जिला वाचता येतं तिला फसवणं अवघड. आपण बँकेचा अर्ज बायांना वाचून दाखवतो आणि मगच अंगठा नाही, सही घेतो, ते याचसाठी.

तिसरी गोष्ट छोटी. कोकणातच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी येशूची भक्ती अभंगात आणि भजनात आणली. पण आपण बोलू त्यांच्या बायकोबद्दल, लक्ष्मीबाईंबद्दल. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. त्या वेगळ्या राहिल्या, खूप सोसलं. पुढे नवऱ्यासोबत राहायला गेल्या तरी आपलं सोवळं आपण पाळत. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनानंच विचार केला की माणसाच्या हातच्या पाण्यानं देव कसा बाटेल? १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. फारसं शिक्षण नसलेल्या या बाईनं 'स्मृतिचित्रे' लिहिलं. गटाच्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा. हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. नवऱ्यानं पाच वर्षं वाट पाहिली, ही त्यातली मोठी गोष्ट.

तर या तीन गोष्टी घेऊन आम्ही पुढच्या महिन्यात त्या वाडीत गेलो. पाऊस होता, शाळेच्या पडवीत बैठक घेतली. सगळ्याजणी आल्या. ती बाईही आली. आम्ही या गोष्टी सांगितल्या. मग गटाची पंचसूत्री म्हणायला लावली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. आम्ही विचारलं, "यात देवाचं नाव कुठे आहे?" कुणी बोललं नाही.

मग काकूंनी त्या बाईलाच विचारलं, "बाय, तू का जातेस तिकडे?" ती हळू आवाजात म्हणाली, "धाकटा आजारी होता तेव्हा त्यांच्यातली एकजण तीन रात्री इस्पितळात माझ्याबरोबर जागली. काही मागितलं नाही. मग मीच विचारलं, तू हे का करतेस. तेव्हा तिनं सांगितलं." एवढंच. आम्हांला एकदम रमाबाईंचा फुलहमचा प्रश्न आठवला. दीडशे वर्षांचं अंतर, प्रश्न तोच.

एकजण म्हणाली, "आणि तू आजारी होतीस तेव्हा आपण गटातल्या किती जणी गेलो होतो?" कुणी उत्तर दिलं नाही. आम्हीही नाही, कारण आम्हीही गेलो नव्हतो.

त्या दिवशी ठराव वहीत तीन ओळी लिहिल्या. पहिली, गटात कुणी कुठल्या देवाला भजावं हा गटाचा विषय नाही, आणि त्यावरून कुणाची बचत, कर्ज किंवा सभासदत्व अडवायचं नाही. दुसरी, बैठकीत कुणी आपल्या धर्माचा प्रचार करायचा नाही, ख्रिस्ती सभासदानं नाही आणि बाकीच्यांनीही नाही. बैठक सुटल्यावर कुणी विचारलं तर सांगावं, ऐकणारीनं ऐकावं, घ्यायचं की नाही ते तिनं ठरवावं. तिसरी, सभासद किंवा तिचं मूल इस्पितळात असेल तर गटातली एक बाई पाळीनं सोबत जाईल. तिसरी ओळ काकूंनी सांगितली आणि सगळ्याजणींनी लगेच सह्या केल्या. पहिल्या ओळीला दोघींनी सही दिली नाही. आम्ही आग्रह केला नाही. त्या दोघी अजून गटात आहेत, ती बाईही आहे. एकमेकींशी अजून मोकळं बोलत नाहीत, पण हप्ता देताना पासबुक एकमेकींच्या हातात देतात. श्रावणात त्यातल्या एकीची सून बाळंतपणाला नेली, तेव्हा सोबतीची पाळी त्या बाईची होती. ती गेली.

आपल्या घटनेनं प्रत्येकाला आपला धर्म मानायचा आणि सांगायचाही हक्क दिला आहे. पण हक्क कागदावर असतो, चवदार तळ्याच्या ठरावासारखा. तो पडवीत, पाणवठ्यावर, गटाच्या वहीत उतरवायचं काम आपलं.

जाता जाता तुमच्या गटांना तीन प्रश्न. येत्या बैठकीत बोला. आपण कुणाला मदत करतो तेव्हा मनात एखादी अट असते का? आपल्याला कुणी मदत केली आणि तिच्यामागचं कारण उघड सांगितलं, तर ते आवडेल, की लपवलेलं आवडेल? आणि आपल्या गटातली कुठली बाई अशी आहे, जिच्या सोबतीला आपण गेलो नाही आणि दुसरं कुणी गेलं?

उत्तरं लिहून आपल्या संयोजिकेकडे द्या. पुढच्या वेळी त्यांतलीच काही वाचून दाखवू. पाऊस जपून झेला, नदीकाठच्या बायांनी पाण्याकडे लक्ष ठेवा. नमस्कार.